शून्याचं मोजमाप : ध्रुवीय बर्फातली सेंद्रिय प्रदूषकं



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं सारं आयुष्य रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत गेलं. ब्युरेटचं वाचन डोळा पातळीला आणून घ्यायचं, आणि वहीत आकडा खोडायचा असेल तर खोडलेलाही वाचता आला पाहिजे, ही त्यांची शिकवण त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. म्हणून मी आज मोजमापावर बोलणार आहे. माणसाच्या वस्तीपासून हजारो किलोमीटर दूर पडणाऱ्या बर्फात कारखान्यांत बनलेली रसायनं किती आहेत, ती कशी मोजतात आणि त्या आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा, एवढाच विषय.

कॅनडाच्या अगदी उत्तरेला डेव्हन नावाचं बेट आहे. जगातलं सर्वांत मोठं निर्मनुष्य बेट म्हणून ते ओळखलं जातं. त्याच्या पूर्वेकडच्या भागावर बर्फाची जाड टोपी आहे आणि दर हिवाळ्यात तिच्यावर नवा थर बसतो. 2007 साली टोरोंटो विद्यापीठातल्या कोरा यंग, स्कॉट माबुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आणि आसपासच्या हिमटोप्यांवरच्या बर्फातली फ्लोरिनयुक्त आम्लं मोजून प्रसिद्ध केली. त्यांतलं एक पीएफओए. टेफ्लॉन बनवताना ते वापरलं जाई, आणि गालिचे, कापड, कागद यांवर डाग पडू नयेत म्हणून जे लेप देतात त्यांच्यातल्या काही रसायनांपासूनही ते तयार होतं. ते बर्फात सापडलं लिटरमागे दहा-बारा पिकोग्रॅमपासून दीडशेच्या आत.

पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. नुसतं ऐकून याचा अंदाज येत नाही. कोयना धरण काठोकाठ भरलं की त्यात 105 टीएमसी पाणी मावतं. त्या सगळ्या पाण्यात तीन ग्रॅम पदार्थ, म्हणजे चहाचा चमचाही भरणार नाही इतका, सारखा मिसळला, तर होतं लिटरमागे एक पिकोग्रॅम.

इतका छोटा आकडा कुणी समोर ठेवला की जाणकार माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो. हे बर्फात होतं, की तुमच्या बाटलीत?

या प्रश्नाला सगळ्यांत कठोरपणे भिडलेला माणूस म्हणजे क्लेअर पॅटरसन. उल्कापाषाणांतल्या शिशावरून पृथ्वीचं वय 455 कोटी वर्षं आहे, हे 1956 साली मांडणारे हेच. त्या कामात त्यांच्या लक्षात आलं की नमुन्यात असायला हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त शिसं दरवेळी सापडतंय. ते हवेतून येत होतं, भांड्यांतून, आम्लातून, हातांतून येत होतं. मग कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांनी अशी प्रयोगशाळा उभी केली की जिच्यात हवा गाळून सोडलेली असे आणि प्रत्येक अभिकारक स्वतः शुद्ध केलेला असे. पुढे त्याच शिस्तीने ते ग्रीनलंडला गेले. मुरोझुमी, चाऊ आणि पॅटरसन या तिघांचा निबंध 1969 साली आला. इसवी सनापूर्वी 800च्या सुमाराच्या बर्फात किलोमागे एका नॅनोग्रॅमपेक्षाही कमी शिसं, आणि 1965च्या बर्फात 200 नॅनोग्रॅमच्या वर. सर्वांत तीव्र चढ 1940 नंतरचा. मोटारींच्या पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल शिसं घालायची पद्धत तेव्हा जगभर पसरत होती.

पॅटरसन यांच्यावर टीका पुष्कळ झाली. शिसं निसर्गातही असतंच, हा माणूस उगाच भीती घालतो, असं म्हणणाऱ्यांत नामांकित लोक होते. त्यांच्यात आणि पॅटरसनमध्ये फरक होता तो मोजण्याच्या स्वच्छतेचा. 1980 साली सेटल आणि पॅटरसन यांनी दाखवलं की ताज्या ट्यूना माशातलं शिसं इतर प्रयोगशाळा हजारपट जास्त सांगत होत्या. ज्यांची भांडीच शिशाने माखलेली, त्यांना जुनं जग आणि नवं जग सारखंच दिसणार. माझ्या मते विसाव्या शतकातल्या पर्यावरणविज्ञानाचा हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे, आणि आपल्याकडच्या पदवी अभ्यासक्रमांत तो जितका यायला हवा तितका येत नाही. पुढची गोष्टही सांगायला हवी. पेट्रोलमधून शिसं जाऊ लागलं तसं ग्रीनलंडच्या बर्फातलं शिसंही उतरलं. 1967 नंतरच्या साधारण दोन दशकांत ते सातपटींहून जास्त घटलं, असं क्लॉड बुत्रों आणि सहकाऱ्यांनी 1991 साली दाखवलं. आपल्या देशात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र झालं ते 2000 सालच्या फेब्रुवारीत.

आता सेंद्रिय प्रदूषकांकडे येऊ. इथे अडचण वाढते. शिसं टाळायला पॅटरसनच्या माणसांनी प्लास्टिकचे पोशाख आणि हातमोजे घातले. आपल्याला मोजायची असतात ती रसायनं बऱ्याचदा त्या पोशाखातच असतात. पाणी न शिरणाऱ्या उबदार जाकिटांवर फ्लोरिनयुक्त लेप असतो. तंबूच्या कापडात, तारांच्या आवरणात आग पसरू न देणारी ब्रोमिनयुक्त रसायनं असतात. सनस्क्रीन, डास पळवणारी मलमं, हातांना लावायची क्रीम, सगळं बंद. ध्रुवावर माणूस ज्यांच्या आधारावर जगतो, त्याच वस्तू नमुना बिघडवतात.

म्हणून नमुना घ्यायच्या रीती ठरलेल्या आहेत. संशोधन-तळाच्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला जायचं, म्हणजे जनरेटरचा धूर आणि स्वयंपाकघराची वाफ नमुन्याकडे येत नाही. स्नोमोबाईल लांब थांबवायची आणि उरलेलं अंतर चालत जायचं. खड्डा खणला की ज्या भिंतीतून नमुना घ्यायचा, तिचा वरचा पापुद्रा स्वच्छ पोलादी खुरप्याने खरवडून टाकायचा. नमुने खालून वर घ्यायचे. वरून सुरुवात केली तर वरचा बर्फ सांडून खालच्या थरात मिसळतो. पीसीबी, डीडीटी यांसारख्या क्लोरिनयुक्त रसायनांसाठी काच किंवा पोलाद, तीही भट्टीत 450 अंशांपर्यंत तापवून घेतलेली. फ्लोरिनयुक्त आम्लांसाठी मात्र काच टाळतात, कारण ती काचेला चिकटून बसतात. तिथे पॉलिप्रॉपिलीनची बाटली, आणि झाकणाच्या आत टेफ्लॉनची चकती नको. एका रसायनासाठी जी भांडी उत्तम, ती दुसऱ्यासाठी वाईट. पीसीबी मोजायला दहा-दहा लिटर, कधी त्याहून कितीतरी जास्त वितळलेलं पाणी लागतं; ते रेझिनच्या नळीतून सावकाश सोडायचं, म्हणजे पाणी निघून जातं आणि रसायन रेझिनवर राहतं. पीएफओएला एखादा लिटर पुरतो.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक बाटली, जिच्यात बर्फ नसतोच. तिच्यात अतिशुद्ध पाणी असतं. ती बाकीच्या बाटल्यांबरोबर विमानातून जाते, खड्ड्याजवळ तितकाच वेळ उघडी राहते, बंद होते, परत येते आणि तिच्यावर सगळ्या प्रक्रिया तशाच होतात. प्रयोगशाळेत आम्ही तिला ब्लँक म्हणतो. तिच्यात जे सापडतं ते आपलं, म्हणजे आपण वाटेत घातलेलं. अशा अनेक ब्लँकची सरासरी काढायची, त्यांच्यातला चढउतार म्हणजे प्रमाण विचलन काढायचं, आणि सरासरीत त्याची तिप्पट मिळवायची. नमुना या रेषेच्या वर गेला तरच सापडलं म्हणायचं. ब्लँकची सरासरी 20, विचलन 4 आणि नमुना 25 असेल, तर रेषा 32 वर आहे. तुम्ही 25 छापू शकत नाही. 25 मधून 20 वजा करून 5 तर मुळीच छापू शकत नाही. तिथे लिहायचं ‘सापडलं नाही’ आणि शेजारी रेषा किती होती ते. ‘सापडलं नाही’ आणि ‘नाही’ यांत अंतर आहे. रेषा न सांगता नुसतं ‘सापडलं नाही’ म्हणणारा अहवाल वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

प्रयोगशाळेतही शत्रू घरातलेच. जुन्या इमारतींतल्या ट्यूबलाईटच्या चोकमध्ये पीसीबी असे आणि ते खोलीच्या हवेत येई. द्रव-क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रातल्या टेफ्लॉनच्या नळ्यांतून पीएफओए पाझरतं; त्या नळ्या बदलून दुसऱ्या प्लास्टिकच्या बसवाव्या लागतात आणि पंपानंतर एक जादा स्तंभ लावावा लागतो, म्हणजे यंत्राचं स्वतःचं पीएफओए उशिरा बाहेर पडतं आणि नमुन्यातल्यापासून वेगळं ओळखू येतं. नमुन्यात सुरुवातीलाच त्याच रसायनाचं कार्बन-13 ने खूण केलेलं ज्ञात प्रमाण घालतात. शेवटी त्यातलं किती हाती आलं त्यावरून वाटेत किती हरवलं ते कळतं. माझ्या विद्यार्थ्यांना हे काम सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं. मी त्यांना सांगते, यंत्र विकत मिळतं, ही शिस्त मिळत नाही.

एवढं केल्यावर बर्फ काय सांगतो? डेव्हनच्या निबंधात मला जे सर्वांत सुंदर वाटतं ते इथे येतं. ही आम्लं ध्रुवावर पोचली कशी, याची दोन उत्तरं होती. एक, ती समुद्रप्रवाहांबरोबर आली आणि लाटांच्या तुषारांतून हवेत उडून बर्फावर पडली. दुसरं, लेपांमधले बाष्पनशील अल्कोहोल हवेतून आले आणि वाटेत उन्हात बनणाऱ्या हायड्रॉक्सिल मूलकांनी त्यांचं आम्लात रूपांतर केलं. पहिलं खरं असेल तर ज्या थरात समुद्राचं मीठ जास्त, तिथे आम्लंही जास्त हवीत. संशोधकांनी सोडियमही मोजलं, आणि तशी संगती दिसली नाही. दुसरं खरं असेल तर रसायनशास्त्र एक खूण सोडतं. हवेत त्या अल्कोहोलची साखळी तुटते तेव्हा आठ कार्बनांचं आणि नऊ कार्बनांचं आम्ल जोडीने बनतं, दहाचं आणि अकराचं जोडीने. बर्फात या जोड्या एकत्र चढताना-उतरताना दिसल्या. निर्मनुष्य बेटावरचं प्रदूषण शहरांतल्या गालिच्यांपासून हवेतच घडत आलं होतं, हे असं कळलं. ब्लँक मलिन असता तर ही जोड्यांची संगती गोंधळात बुडून गेली असती.

बर्फ निष्ठावान नोंदवही आहे, असं मात्र सरसकट म्हणू नये. ताज्या हिमकणांचा पृष्ठभाग प्रचंड असतो, त्यावर हवेतली रसायनं बसतात. बर्फ दबत जातो तसा पृष्ठभाग कमी होतो आणि बाष्पनशील रसायनं पुन्हा हवेत निघून जातात. उन्हाळ्यात वरचा थर वितळला तर पाण्याबरोबर काही खाली झिरपतात आणि वर्षांच्या सीमा पुसट होतात. म्हणून थरांची वर्षं ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, ज्वालामुखींच्या सल्फेटवरून, 1963च्या सुमाराला अणुचाचण्यांमुळे आलेल्या ट्रिशियमच्या शिखरावरून ताडून घेतात.

आता आपल्या देशाचा या बर्फाशी संबंध. शेतकरी घरातल्या वडीलधाऱ्यांना बीएचसी पावडर आठवत असेल. कुणी गॅमेक्सीन म्हणत. तांत्रिक एचसीएच हे तिचं नाव, आणि तिचा मोठा भाग किडीला न मारणारा अल्फा घटक असे. जगात ती साधारण एक कोटी टन वापरली गेली. सर्वांत जास्त चीनमध्ये, त्याखालोखाल भारतात, सुमारे दहा लाख टन. अल्फा एचसीएच उष्ण शेतातून उडतं आणि थंड हवेत, थंड पाण्यात उतरतं. फ्रँक वानिया आणि डोनाल्ड मॅके यांनी 1990च्या दशकात या प्रवासाचा सिद्धांत नीट मांडला. उत्तर ध्रुवीय हवेतली अल्फा एचसीएचची पातळी दोनदा ठळक घसरली. एकदा 1983 नंतर, चीनने वापर थांबवला तेव्हा. दुसऱ्यांदा 1990च्या सुमाराला, सोव्हिएत संघ आणि भारताने शेतीतला वापर आवरता घेतला तेव्हा. भारतात पूर्ण बंदी 1997 साली आली. दिल्लीतला निर्णय ध्रुवावरच्या हवेत काही वर्षांत दिसला, हे मला अतिशय महत्त्वाचं वाटतं. मात्र समुद्र इतका पटकन विसरला नाही. हवा स्वच्छ होऊ लागली तसं थंड समुद्रात साठलेलं एचसीएच पाण्यातून पुन्हा हवेत येऊ लागलं. लिझा यांटुनेन आणि टेरी बिडलमन यांनी हे उलटं वाहणं 1990च्या दशकात मोजलं.

एंडोसल्फान या कीटकनाशकानेही असाच लांबचा प्रवास केला. केरळातल्या कासारगोडच्या काजूबागांमुळे ते नाव आपल्याला माहीत झालं. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या हिमटोपीच्या गाभ्यातही ते सापडलं. एखादं रसायन वापराच्या जागेपासून दूर जातं का, हा टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारातला कळीचा प्रश्न, आणि ध्रुवीय मोजमापांनी त्याचं उत्तर दिलं. भारताचा सुरुवातीला ते कराराच्या यादीत घालायला विरोध होता. 2011च्या एप्रिलमध्ये एंडोसल्फान यादीत गेलं आणि 13 मे 2011 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने देशात बंदी घातली.

या करारामागे माणसं आहेत. 1980च्या दशकात एरिक देवायी हे डॉक्टर क्वेबेक प्रांतातल्या आयांच्या दुधातली प्रदूषकं मोजत होते. तुलनेसाठी स्वच्छ नमुने हवेत म्हणून उत्तरेच्या नुनाविकमधल्या इनुइट आयांचं दूध घेतलं. दक्षिणेतल्या स्त्रियांच्या साधारण पाचपट पीसीबी त्यात निघालं. त्या बायकांच्या गावात कारखाना नाही, शेतसुद्धा नाही. बर्फात पिकोग्रॅमने असलेलं रसायन प्लवंगांत, माशांत, सीलच्या चरबीत पायरीपायरीने वाढत जातं, आणि सील हे त्यांचं अन्न आहे. 2001 सालच्या स्टॉकहोम कराराच्या प्रस्तावनेत आर्क्टिकमधल्या परिसंस्था आणि तिथल्या आदिवासी समाजांचा धोका शब्दांत नोंदवला आहे, तो या मोजमापांमुळे. डीडीटीने आपल्याकडे हिवतापापासून असंख्य जीव वाचवले, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीतही ते बनत असे, आणि तो उपकार मी नाकारणार नाही. त्याच वेळी त्या उपकाराची किंमत चुकवणाऱ्यांत असे लोक होते ज्यांना डास मारायचेच नव्हते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मोजमाप कायद्यात कसं उतरतं, याचं ताजं उदाहरण पाहा. 2022 साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओएसाठी अंतरिम सल्ला-पातळी दिली ती लिटरमागे 4 पिकोग्रॅम, म्हणजे डेव्हनच्या बर्फात सापडलेल्यापेक्षाही कमी. 2024 साली बंधनकारक मर्यादा आली ती 4 नॅनोग्रॅम, हजारपट वर. देशभरातल्या प्रयोगशाळा खात्रीने मोजू शकतील अशी ती पातळी होती. आरोग्यासाठीचं उद्दिष्ट त्याच नियमात शून्य लिहिलेलं आहे. नागरिकाला मिळणारं संरक्षण मोजणाऱ्याच्या हातापाशी येऊन थांबलं.

एका रसायनाच्या जागी दुसरं आणताना तर जास्त जपायला हवं. ओझोन वाचवण्यासाठी मॉन्ट्रियल कराराने सीएफसी हटवले, ते योग्यच झालं. त्यांच्या जागी मोटारींच्या एसीत जे वायू आले, त्यांतल्या काहींपासून हवेत ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल बनतं. हायडी पिकार्ड, कोरा यंग आणि सहकाऱ्यांनी डेव्हनच्या बर्फाच्या गाभ्यात 1990 नंतर ते चढत गेलेलं 2020 साली दाखवलं. ते कशाने विघटित होतं याचं समाधानकारक उत्तर निसर्गात मिळत नाही.

ही विद्या आपल्यापासून लांब नाही. 6 डिसेंबर 1981 रोजी डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली अंटार्क्टिकाला जाणारं पहिलं भारतीय पथक गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघालं. आज वास्कोत राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, तिथे बर्फाचे गाभे राखणारी शीतगृहं आहेत, आणि स्वालबार्डमध्ये 2008 पासून आपलं ‘हिमाद्री’ केंद्र आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिकडे वळावं. भूगर्भ आणि हवामानाची माणसं तिथे आहेत. सेंद्रिय विश्लेषणाचे हात आणखी हवेत.

आणि शेवटी एक मागणी. इटलीत विचेन्साजवळ त्रिसिनो इथला फ्लोरिनयुक्त रसायनांचा कारखाना 2018 साली दिवाळखोरीत बंद पडला. त्या परिसरातल्या मोठ्या लोकसंख्येचं भूजल दूषित झालं होतं, आणि 2025 साली तिथल्या न्यायालयाने कारखान्याच्या माजी अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री विकली गेली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला आली. इथे तसंच घडेल असं मी म्हणत नाही. ते म्हणायला माझ्याकडे आकडा नाही, आणि आज माझा मुद्दाच तो आहे. डेव्हनवर 1977 साली पडलेलं आजही थरात आहे, कुणीही जाऊन मोजू शकतो. वाशिष्ठी नदीचं पाणी तसं थांबत नाही. आज दाभोळच्या खाडीत ही रसायनं किती आहेत, लोट्याच्या आसपासच्या विहिरींत किती आहेत, हे आज मोजलं नाही तर दहा वर्षांनी वाढलं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. कोकणातल्या महाविद्यालयांनी, विद्यापीठांनी, प्रदूषण नियंत्रण मंडळाने हे पायाभूत मोजमाप याच वर्षी सुरू करावं आणि आकडे लोकांसमोर ठेवावेत. आणि तुम्हांपैकी कुणी ग्रामसभेत किंवा जनसुनावणीत बसाल, तिथे कुणी पाण्याचा अहवाल वाचून ‘सापडलं नाही’ असं सांगेल, तेव्हा उभं राहून दोन प्रश्न विचारा. किती बारीक मोजलं होतं? आणि ब्लँकमध्ये किती होतं?